आइ की भेल?

“बाई, हिंदीत ‘हम’ म्हणजे ‘आम्ही’च ना?”

रात्री साडेनऊला आलेला फोन. एकतीस वर्षं मी पुण्यातल्या शाळेत हिंदी शिकवलं, त्यामुळे जुन्या विद्यार्थिनींचे असे फोन येतात. बहुतेक मुलांच्या निबंधासाठी. ही मात्र वकील झालेली. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस चालवते. मी विचारलं, “बोलणारा कुठला आहे?”

“बिहारचा, मधुबनीचा. वाघोलीच्या पुढे एका साइटवर सेंट्रिंगचं काम करायचा. आता मारामारीच्या केसमध्ये आत आहे.”

“मग त्याचं ‘हम’ म्हणजे ‘मी’. अनेक जण असते तर तो ‘हम लोग’ म्हणाला असता.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिनं मला रिमांड रिपोर्टातली, म्हणजे पोलिसांनी कोठडी मागताना दिलेल्या कागदातली, ओळ वाचून दाखवली: आपण साथीदारांसह दांडकी घेऊन गेलो होतो, असं आरोपी सांगतो. ती तुरुंगात जाऊन त्या मुलाला भेटली, तेव्हा तो तिला म्हणाला होता, “हम डंडा लेके गए थे, कुत्ता के चलते.” मी काठी घेऊन गेलो होतो, कुत्र्यांमुळे. साइटवरून लेबर कँपकडे जाताना रात्री कुत्री अंगावर येतात, म्हणून. कागदावर येईपर्यंत एकाचे अनेक झाले, एका काठीची दांडकी झाली आणि कुत्री गळून गेली. ‘साथीदारांसह’ आलं की मागोमाग समान इराद्याचं कलम येतं, जुन्या दंड संहितेत ते ३४ होतं. पोलिसांपुढचं असं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही, पण जामिनाच्या वेळी कागद वाचला जातोच, आणि जामीन नाकारला गेला होता.

कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लिहून घेणाऱ्याला हिंदी येत होतं. तेवढंच झालं होतं.

माझे वडील रेल्वेत होते. माझं लहानपण समस्तीपूरला गेलं, बूढी गंडकच्या काठी. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि खेळायला मैथिली, त्या भागाची भाषा. मधुबनीचीही तीच. तेराव्या वर्षी आम्ही पुण्याला आलो आणि माझी मैथिली तिथंच थांबली, परकर-पोलक्यात. पुढं कॉलेजात शुद्ध हिंदी शिकले, तेच शिकवलं. पण स्वप्नात कधी तरी बाजूच्या घरातल्या काकी हाका मारतात, त्या मैथिलीतच. त्या विद्यार्थिनीला हे ठाऊक होतं, कारण वर्गात मी त्या गावाच्या गोष्टी सांगायची. “बाई, तुम्ही याल का कोर्टात?” तिनं विचारलं. मी हो म्हणाले. आपण कशाला हो म्हणतोय, याची मला काही कल्पना नव्हती.

कोर्ट पुण्यातलंच. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसांविषयी माझी तक्रार नाही. न्यायाधीश चांगले होते, मनापासून ऐकणारे. त्यांनी दोषारोप स्वतः हिंदीत समजावून सांगितला. पिंजऱ्यात तो मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, मान खाली. न्यायाधीशांनी विचारलं, “समझा?”

“जी.”

“गुनाह कबूल है?”

“जी.”

माझी विद्यार्थिनी खुर्चीवरून अशी उठली की तिची फाइल खाली पडली. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. पुन्हा “जी.” त्यांचीही चलबिचल दिसत होती, कारण गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. तेव्हा तिनं हात जोडून सांगितलं, माझ्या ओळखीच्या एक बाई मागे बसल्या आहेत, त्यांना याची भाषा येते. मला पुढं बोलावलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. दुसरं कुणी आणायचं कुठून, एवढंच ते म्हणाले.

मी त्याच्याजवळ गेले आणि मैथिलीत विचारलं, तू ‘जी’ का म्हणालास? पन्नास वर्षांनी ते शब्द तोंडातून निघताना माझा स्वर आपोआप लहान मुलीचा झाला. त्यानं मान वर केली. म्हणाला, हाकिम बोलले, तर ‘जी’ म्हणायला नको का? मोठ्या माणसानं आपल्याला काही म्हटलं की ‘जी’ म्हणायचं. तो शिष्टाचार आहे. ऐकतोय, असा त्याचा अर्थ. ‘होय, मी मारलं’ असा नाही.

त्या दिवशी गुन्हा नाकबूल असल्याची नोंद झाली. मी मात्र घरी येऊन रात्रभर जागी होते. मी मागच्या बाकावर नसते तर?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पाकिस्तानातून आलेल्या एका बाईच्या बाबतीत हा ‘तर’ खरा झाला होता. पतीच्या खुनाचा गुन्हा तिनं कबूल केला म्हणून तिला जन्मठेप झाली. तिची भाषा आणि तिला दिलेल्या दुभाष्याची भाषा यांचा मेळच नव्हता. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. अपील कोर्टानं १९८५ साली तिची ती कबुली रद्दबातल ठरवली. तोवर तिची काही वर्षं तुरुंगात गेली होती. हा फरक मराठीत शिकलेल्या माणसालाही चटकन सांगता येत नाही. तो एका हादरलेल्या बाईला तिसऱ्याच भाषेत सांगायचा, म्हणजे ते किती जोखमीचं काम! आणि तिथे नुसतीच भाषा ‘जवळपास’ची असलेला माणूस उभा केला होता.

‘जवळपास’ हा शब्द मला आता फार छळतो. आपल्याकडे सगळा कारभार या ‘जवळपास’वर चालतो. पुण्यात हिंदी कुणाला येत नाही? रिक्षावाल्याला येतं, भाजीवालीला येतं, बँकेत येतं, पोलीस चौकीत येतं. त्यामुळे चिनी किंवा अरबी माणूस आला तर त्याला दुभाषी लागेल, हे सगळ्यांना पटतं, आणि बिहार, बंगाल, ओडिशाहून आलेला माणूस ‘आपलाच आहे, हिंदी बोलतो’ म्हणून तसाच पिंजऱ्यात उभा राहतो. जी भाषा अजिबात येत नाही तिथे माणूस सावध राहतो. अर्धवट येते तिथे तो बेसावध होतो.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहायची ती यादी मला आठवते. मराठीत शिक्षा म्हणजे सजा, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. मुलं हसायची, दोन मार्कांसाठी पाठ करायची. त्या मुलाला भेटल्यावर या यादीत मी एक जोडी वाढवली. कुणी तरी त्याला सांगितलं होतं, जामीन के लिए पैसा लगेगा, कागज लगेगा. त्यानं ‘जमीन’ ऐकलं. गावाकडं निरोप पाठवला की जमीन द्यावी लागणार आहे. त्याच्या बापाची जमीन आधीच बहिणीच्या लग्नात गहाण पडलेली. बापानं उलट निरोप धाडला, आता माझ्याकडे काही उरलं नाही, मला माफ कर. जामीन म्हणजे जमानत, हे त्या मुलाला कळेपर्यंत चार महिने गेले होते. या चार महिन्यांत बापलेक एकमेकांना काय समजत असतील, ते माझ्यानं लिहवत नाही.

राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. मला ते मनापासून हवं आहे. माझ्या आजीनं जन्मभर इंग्रजी कागदांवर अंगठे उठवले, त्यात काय लिहिलंय ते तिला कधीच कळलं नाही. आपली भाषा कोर्टात यावी म्हणून आपण मराठी माणसं किती बोललो, भांडलो. पण ज्या कारणासाठी आजीला मराठी हवी होती, नेमक्या त्याच कारणासाठी या मुलाला मैथिली हवी आहे. घटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, ती २००३ सालीच गेली. आमच्या कोर्टाच्या दारापर्यंत आलेली मला दिसली नाही.

कायद्यात उणीव आहे म्हणावं, तर तसंही नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष दिली जात असेल आणि तो हजर असेल, तर ती त्याला समजेल अशा भाषेत, खुल्या कोर्टात, त्याला सांगितली पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २७९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम ३१४ आहे. दुभाषी खरं तेच सांगायला बांधलेला आहे, असंही पुढं कलम ३१७ मध्ये आहे. आणि आपल्याच राज्यातली एक जुनी केस आहे, १९६२ ची, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नागपूरकडचा माणूस प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे खटला न चालवताच आत, टाकलेला. त्याला कारणं दिली इंग्रजीत. त्यानं हिंदीत मागितली, तर नकार मिळाला. तोंडी समजावलंय, इंग्रजी ही सरकारी भाषा आहे, असं उत्तर आलं. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. माणसाला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत कारणं पोचली नाहीत, तर ती पोचलीच नाहीत, असा त्या निकालाचा रोख आहे. मला हा निकाल विद्यार्थिनीनं वाचायला दिला. मी तो तीनदा वाचला.

पुढच्या तारखेपासून मी रीतसर दुभाषी झाले. परीक्षा कुणी घेतली नाही. भाषा येते का, येते, झालं. शपथ दिली. १९६९ च्या शपथ अधिनियमात दुभाष्याची वेगळी शपथ आहे, हे मला तेव्हा कळलं. विचारलेले सगळे प्रश्न आणि दिलेली सगळी साक्ष नीट, खरेपणानं समजावून सांगेन, अशा आशयाची. ‘सगळे’ या शब्दावर माझी जीभ अडखळली नव्हती. नंतर अडखळली.

दुभाष्यानं ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नसतं. साक्षीदार ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’च म्हणायचं. अमेरिकेत १९७८ साली कोर्टातल्या दुभाष्यांसाठी कायदा झाला, फेडरल कोर्टातल्या दुभाष्यांची तिथे परीक्षा होते, आणि हा त्या धंद्याचा पहिला धडा. मला तो विद्यार्थिनीनं दारात उभं राहून दोन मिनिटांत शिकवला. पहिल्यांदा मी भर कोर्टात “मी तिथे झोपलो होतो, मला आरडाओरडा ऐकू आला” असं म्हणाले, तेव्हा स्टेनोनं टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं. पासष्टीची, नऊवारी आईच्या पोटी जन्मलेली, सदाशिव पेठेतली बाई मी, आणि एका गवंड्याच्या तोंडातलं ‘झोपलो होतो’ म्हणत होते. तीन-चार वाक्यांनंतर कुणाला ते खटकेनासं झालं. मलाही नाही.

त्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली.

साक्षीदार मधुबनीकडचाच होता, त्या मुलाच्या गावाजवळचा. त्याला विचारलं, मारामारी झाली तेव्हा आरोपी तिथे होता का? तो म्हणाला, “हमरा बुझाइए जे ओ नै छलै.” मला वाटतं की तो नव्हता. मी सांगितलं, “तो नव्हता.” स्टेनोनं टाइप केलं. पुढचा प्रश्न झाला.

‘हमरा बुझाइए’ मला कळलं नव्हतं असं नाही. समस्तीपूरच्या काकी दर वाक्याला ते म्हणायच्या. मी ते गाळलं, कारण त्या मुलाच्या बापाचा निरोप माझ्या डोक्यात होता. कारण मला तो सुटायला हवा होता. हे सगळं एका श्वासाच्या आत झालं, मी ठरवलंसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि घास गेला नाही. विद्यार्थिनीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “बाई, राहू दे. इतकं काय त्यात.” ती वाईट मुलगी नाही. पहाटे पाच वाजता उठून पोळ्या करून कोर्टात येते, मिळेल त्या पैशात असल्या केसेस लढते, आणि तिच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा काही तरी लागलं होतं.

सुट्टीनंतर मी उभी राहिले आणि न्यायाधीशांना सांगितलं, माझ्याकडून तीन शब्द राहिले. त्यांनी साक्षीदाराला परत बोलावलं, नोंद दुरुस्त केली. सरकारी वकिलांनी त्या ‘मला वाटतं’वर वीस मिनिटं उलटतपास घेतला. ते त्यांचं कामच होतं. विद्यार्थिनी त्या संध्याकाळी माझ्याशी न बोलता गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, पण त्यावर आम्ही आजतागायत बोललो नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटते. बचावाच्या वकिलाच्या ओळखीची बाई दुभाषी म्हणून उभी राहायला नको. पोलिसांच्या ओळखीचा माणूसही नको. आणि फुकट तर कुणीच नको. मला कुणी पैसे दिले नाहीत, मी मागितले नाहीत, तेव्हा त्याचं मला समाधान वाटलं होतं. आता वाटतं, मागायला हवे होते. फुकटच्या कामाला जाब विचारता येत नाही. कुणी माझी परीक्षा घ्यायला हवी होती. मधुबनीची मैथिली समस्तीपूरपेक्षा वेगळी लागते, आणि माझी तर तेरा वर्षांच्या मुलीची. ‘उलटतपास’ला मैथिलीत काय म्हणतात, मला येत नव्हतं. लपंडावाचे सगळे शब्द येत होते. एका माणसाचं आयुष्य त्या शब्दांवर तोलायचं होतं.

दुभाषी म्हटलं की आपल्याला दरबार आठवतो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्या बाजूनं नारायण शेणवी दुभाषी होते. मोठ्या माणसांमध्ये बोलणी व्हायची तेव्हा दोन्ही बाजूंना चांगला दुभाषी हवा असायचा, त्याला मान असायचा, आपल्याकडे तर दुभाषी हे आडनावही आहे. पिंजऱ्यातल्या माणसासाठी मात्र मागच्या बाकावर कोण बसलंय ते पाहायचं.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंची भाची लग्न होऊन इंग्लंडला गेली. मराठी शाळेत शिकलेली, पुरंदर तालुक्यातली. पुढं नवऱ्याशी पटेना, प्रकरण कोर्टात गेलं. तिला दुभाषी मिळाला तो हिंदीचा. इंडियन आहे ना, मग हिंदी. ती म्हणाली, सासरी माझा फार जाच झाला. दुभाष्याला ‘जाच’ कळेना. तिनं मोडक्या हिंदीत ‘तकलीफ’ म्हटलं. इंग्रजीत गेलं ते ‘प्रॉब्लेम्स’. जाच. रोज थोडा थोडा, कुणाला दाखवता येणार नाही असा, घरातल्या घरात. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसून घडवलेला शब्द, आणि त्याचं प्रॉब्लेम्स झालं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत सगळ्या संतापल्या होत्या. मराठी माणसाला मराठी दुभाषी देता येत नाही यांना? मीही संतापले होते. त्याच वर्षी आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं, आवारात पत्र्याच्या शेडमध्ये बिहारचे वीस-पंचवीस मजूर राहत होते. मी त्यांच्याशी हिंदीत बोलायची. मैथिलीत बोलावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पोर्टो रिकोहून आलेला नेग्रॉन नावाचा एक मजूर होता. बटाटे भरण्याचं काम करायचा. खुनाच्या आरोपावरून १९६७ मध्ये त्याला शिक्षा झाली. तो परदेशी नव्हता, अमेरिकेचाच नागरिक, जसा मधुबनीचा मुलगा आपल्याच देशाचा. त्याला स्पॅनिश सोडून काही येत नव्हतं. तो बोलला ते कोर्टासाठी इंग्रजीत केलं गेलं. पण त्याच्याविरुद्धचे बहुतेक साक्षीदार इंग्रजीत बोलले, आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत सरकारी बाजूची दुभाषी येऊन दहा-वीस मिनिटांत सारांश सांगून जायची. १९७० मध्ये वरच्या कोर्टानं ती शिक्षा टिकू दिली नाही. त्याच्या दृष्टीनं तो सगळा खटला म्हणजे नुसता आवाजांचा कलकलाट झाला असणार, असं त्या निकालात म्हटलं आहे.

हे वाचल्यावर मला कळलं की मी तोवर उलटंच समजत होते. दुभाषी कोर्टासाठी असतो, त्या मुलाचं म्हणणं न्यायाधीशांना कळावं म्हणून असतो, अशी माझी समजूत. सगळ्यांचीच ती असते. आपलं कलम तर दुसऱ्याच दिशेला बोट दाखवतं. इथं चाललंय ते त्याला कळलं पाहिजे.

मागच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष होती. जखम किती सेंटिमीटर, कवटीच्या कुठल्या बाजूला, कशानं होऊ शकते, काठीनं की पडल्यानं. अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत, तास-सव्वा तास चालली. बोर्डावर त्या दिवशी खूप मॅटर होती, दाराबाहेर माणसं दाटीनं उभी. डॉक्टरांना परत हॉस्पिटलात जायचं होतं. मी पिंजऱ्याजवळ उभी होते. थांबा, याला सांगू द्या, असं म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्या मुलाची नजर जो बोलेल त्याच्या तोंडाकडे जात होती. डॉक्टर, सरकारी वकील, न्यायाधीश, परत डॉक्टर.

साक्ष संपली, पुढची तारीख पडली. व्हरांड्यात एस्कॉर्टच्या हवालदारांनी मला पाच मिनिटं दिली. भला माणूस, एरवी देत नाहीत. मुलानं विचारलं, “आइ की भेल?” आज काय झालं?

मी सुरुवातीपासून सांगायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, जखम कुठे होती म्हणाले. कवटीला मैथिलीत काय म्हणायचं ते आठवेना, म्हणून मी स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवला. त्यानंही तसाच स्वतःच्या डोक्याला हात लावला, कानाच्या वर, आणि विचारलं, इथे? मी म्हटलं, थोडं मागं. काठीनं की पडल्यानं, तिथवर मी आलेच होते, तेवढ्यात हवालदार घड्याळ बघत म्हणाले, “चला बाई, गाडी लागलीय.”